लिहून दिलेलं गाणं

मामांना जॅझ आवडत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायचा की हा माणूस संगीताच्या वेडापायी गोत्यात आला. तसं काही नाही. मामा गोत्यात आले ते व्यवस्थितपणापायी, आणि व्यवस्थितपणापायी गोत्यात आलेल्या माणसाची कुणी कीवसुद्धा करत नाही.

खरं तर ते मामा एकीचेच. बहिणीची मुलगी हिशेबशास्त्र शिकायला त्यांच्याकडे राहायला आली, उठता-बसता 'मामा, मामा' करू लागली, आणि बघता बघता सगळ्या इमारतीने तो शब्द उचलला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर वयाने चांगलेच मोठे, पण तेही जिन्यात भेटले की 'काय मामा' म्हणत. पाणीपुरवठा खात्यात मामा मुख्य कारकून होते. तिथे पोचायला या शब्दाला थोडा वेळ लागला, पण पोचला. मामांना हे मुळीच रुचलं नव्हतं. लेखी तक्रार कुणाकडे करायची ते समजेना, म्हणून ते गप्प बसले होते.

भाची आली हिशेब शिकायला आणि शिकली जॅझ. आधी मैत्रिणीच्या घरी, मग कॉलेजात, मग न्हाणीघरात. मामींना तिचं गाणं आवडायचं. मामांचं म्हणणं एवढंच की गाणं सुरू झालं की संपणार कुठे ते माणसाला कळावं. या गाण्यात मध्येच शब्द संपतात आणि गाणारा तरीही थांबत नाही. 'डू' म्हणतो, 'बा' म्हणतो, मनाला येईल ते म्हणतो, आणि ऐकणारे माना डोलावतात. पण पोरगी गुणी होती आणि मामांचा तिच्यावर जीव होता, त्यामुळे ते पेपर तोंडासमोर धरून ऐकून घेत.

तिच्या वडिलांना मात्र हे ऐकून घेणं जमेना. एका औषध कंपनीच्या कचेरीत त्यांनी तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती. बरीच रडारड झाल्यावर त्यांनी एक अट घातली. कुणीतरी जाणत्या माणसाने सांगावं की हिच्यात काही आहे. नाहीतर पुढच्या महिन्यापासून मुकाट्याने कामावर जायचं. मामांच्या बहिणीचं म्हणणं वेगळं होतं, पण ते तिने कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

आता या क्षेत्रात जाणता माणूस म्हणजे एकच. पियानो वाजवणारे, गाणी बांधणारे, केस पांढरे झालेले, ज्यांना वाजवणाऱ्यांच्या जगात नुसतं 'थोरले' म्हणत. थोरल्यांनी भाचीला कॉलेजात एकदा ऐकलं होतं. तिने धीर करून त्यांना गाठलं तेव्हा ते म्हणाले, एक संध्याकाळ माझ्याबरोबर गा. जमलं तर माझ्या नव्या कामात घेईन, नाही जमलं तर तोंडावर सांगेन. मोठं थिएटर नको. माणसांचे चेहरे दिसतील असा एखादा हॉल बघा, आणि पियानो बघा.

ही बातमी घेऊन भाची घरी आली आणि मामा म्हणाले, "माझ्यावर सोपव."

मामींनी गॅस बंद केला आणि त्या बाहेर आल्या. मामा याआधी असं म्हणाले होते ते इमारतीची टाकी धुवायच्या वेळी. त्या वेळी निविदा मागवण्यात इतका काळ गेला की पाणीपुरवठा खात्याच्या मुख्य कारकुनाच्या घरी शेजारच्या इमारतीतून बादल्या आणाव्या लागल्या होत्या. मामींनी एवढंच विचारलं की नक्की का. मामांनी त्यांच्याकडे दुखावल्या नजरेने पाहिलं.

हॉल तर हाताशीच होता. मामा वाचनालयाचे सहचिटणीस, आणि वाचनालयाच्या हॉलमध्ये एक पियानो होता. म्हणजे असावा. जाड बांधीव वर्तमानपत्रांचे गठ्ठे काढल्यावर त्याच्या खाली पियानो सापडेल, अशी कार्यकारिणीची समजूत होती. पण गठ्ठे हलवायचे तर ठराव हवा, आणि ठराव हवा तर सभा हवी. सभेत अध्यक्ष म्हणाले, गठ्ठे हलवायला हरकत नाही, पण मग माझं प्रास्ताविक भाषण ठेवा. अखेर गठ्ठे हलले, भाषण ठरलं, आणि पियानो जुळवणारा माणूस बोलावला. त्याने झाकण उघडलं आणि तो बराच वेळ आत बघत राहिला. हा शेवटचा कधी उघडला होता, असं त्याने विचारलं. ग्रंथपाल म्हणाले, हा उघडतो हे आम्हाला आजच कळतंय. जुळवणाऱ्याने मग कोट काढून ठेवला आणि दोन वेळा चहा मागवला, पण पियानो बोलता केला.

इथवर सगळं मार्गी लागलं होतं. पण समोरच्या दारी एक वकील राहत. त्यांच्याकडे पक्षकार कमी आणि सल्ले जास्त. त्यांनी जिन्यात मामांना थांबवून विचारलं, परवानगी घेतलीत का? मामा म्हणाले, आपल्याच वाचनालयाचा हॉल, परवानगी कसली? भाचीही म्हणाली, कुणी घेत नाही मामा, तिथे इतके कार्यक्रम होतात. वकील शांतपणे म्हणाले, "होत असतील. पण उद्या कुणी विचारलं तर?"

झालं. 'उद्या कुणी विचारलं तर' या एका वाक्यावर मामांचा सगळा संसार उभा होता. आजवर कुणी विचारलं नव्हतं, तरी विचारलंच तर दाखवायला मामांच्या कपाटात सगळे कागद तयार असत. शिवाय खात्यात अधीक्षकाची जागा रिकामी होणार होती आणि पहिलं नाव मामांचं होतं. अशा वेळी अंगाला डाग नको.

परवानगीच्या कचेरीत मामा गेले तेव्हा खिडकीपलीकडचा तपासनीस म्हणाला, वाचनालयात गाणं ना? मग इथे कशाला आलात? घरी जा. खरोखर सांगतो, मामांनी तिथून निघून यायचं होतं. दुसरा कुणी असता तर देवाचे आभार मानत घरी आला असता. मामांना उलट वाईट वाटलं. एका कचेरीला आपलाच नियम ठाऊक नसावा, हे त्यांना बघवेना. त्यांनी पिशवीतून नियमांचं जुनं पुस्तक काढलं, कलम उघडलं आणि खिडकीतून आत सरकवलं. सार्वजनिक जागी जे गायचं त्याचे शब्द, अर्थासह, आगाऊ सादर करावेत. गाताना त्यात बदल करू नये. मजकुरात दुरुस्ती करायची तर ती पंधरवडाभर आधी.

तपासनीस वयाने तरुण होता, नव्यानेच लागलेला, आणि स्वभावाने सरळ. त्याने कलम पुन्हा पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्याने खुर्ची पुढे ओढली, मामांना आत बोलावून बसवलं, आणि दोघा नियमप्रेमी माणसांचा तो तास फार सुखात गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मामा त्या दिवशी ताठ मानेने घरी आले.

त्यांनी गाण्यांचे शब्द नेऊन दिले. तपासनिसाने एकेक पान पाहिलं आणि मधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, इथे काय आहे? मामा म्हणाले, इथे ती शब्दांशिवाय गाते. तपासनिसाने विचारलं, पण काहीतरी म्हणणारच ना? जे म्हणेल ते लिहून आणा.

मग जेवणाच्या टेबलावर जे झालं त्याची मामी अजून आठवण काढतात. मामा कोरे कागद आणि चष्मा घेऊन बसले आणि भाचीला म्हणाले, सांग. तिने डोळे मिटून गायला सुरुवात केली. मामांनी 'डू-बा-डी-वा' लिहिलं आणि तिला थांबवलं. पुन्हा म्हण, मागचं निसटलं. तिने पुन्हा म्हटलं ते वेगळंच आलं. मामांनी पेन खाली ठेवलं. मघाशी 'डी-वा' होतं, आता 'दा-या' कसं काय? ती म्हणाली, मघाशी तसं आलं, आता असं आलं. मामांनी विचारलं, मग कार्यक्रमात कसं येणार? ती म्हणाली, "ते तेव्हाच कळेल ना, मामा."

मामांचा चेहरा असा झाला की तिला दया आली. मामांनी तिच्यासाठी आजवर काय काय केलं होतं, तेही तिला आठवलं असणार. ती बसली आणि एकेक अक्षर तोडून सांगायला लागली, शुद्धलेखन घातल्यासारखं. मामांनी सगळं टिपून घेतलं. हेडमास्तर खाली आले आणि त्यांनी चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. अर्थाच्या रकान्यात काय लिहावं यावर वाद झाला. भाची म्हणाली, अर्थ नाही. वकील म्हणाले, 'अर्थ नाही' असं लिहिलंत तर उद्या कुणीही हवा तो अर्थ काढेल. शेवटी मामांनी सगळीकडे 'भावनादर्शक' लिहिलं आणि खाली हमी दिली, की सादर केलेल्या मजकुरापेक्षा एक अक्षरही वेगळं गायलं जाणार नाही. गेल्यास जबाबदारी माझी. खाली सही, हुद्दा, खातं.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात थोरले पियानो बघायला आले. त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढून घेतली, चार सूर वाजवले, मान हलवली. भाचीबरोबर प्रत्येक गाण्याचा नुसता सुरुवातीचा भाग करून पाहिला आणि मधला भाग आला की हात उचलून घेतले. मामांनी चहा पुढे करत आदराने विचारलं, मधलं नाही का बघणार? थोरले म्हणाले, "मधलं आधी बघायचं नसतं. पाठ करून आलेल्या पोरांबरोबर मी वाजवू शकत नाही. हात थांबतात माझे." पूर्वी एकदा एका नावाजलेल्या गायकाने तालमीतलीच जागा कार्यक्रमात जशीच्या तशी घेतली, तेव्हा ते पियानोवरून उठून चहा प्यायला निघून गेले होते. हे त्यांनी फुशारकीने नाही सांगितलं. एखाद्याला दूध पचत नाही, तसं सांगितलं.

मामांच्या हातातली बशी कलली. भाची खिडकीबाहेर बघत होती. तिला हे आधीपासून ठाऊक होतं, हे मामांना त्या क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी मामा रजा टाकून तपासनिसाकडे गेले. हमी मागे घ्यायची आहे, म्हणाले. तपासनिसाला खरंच वाईट वाटलं, पण दुरुस्तीची मुदत टळली होती. ते कलम त्याने मामांसमोर उघडलं. त्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती, आणि ती मामांनीच मारलेली होती. मग कार्यक्रमच रद्द करता येईल का, असं तपासनिसाने काळजीने विचारलं. मामा उठून बाहेर आले.

घरी आल्यावर ते बराच वेळ चपला न काढता दारातच उभे राहिले. भाचीनेच विषय काढला. "मामा, मी लिहून दिलंय तेच गाईन. तुमची सही आहे त्याच्यावर."

मामांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं फार वाईट वाटलं. ते 'बघू' म्हणाले आणि आत गेले. मामी त्या संध्याकाळी त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला. इमारत झाडून सगळी आली होती, थोरल्यांना ऐकायला लांबलांबून माणसं आली होती, आणि मागच्या रांगेत भाचीचे आईवडील प्रवासाची पिशवी पायाशी ठेवून बसले होते. अध्यक्षांनी वाचनाचे फायदे या विषयावर भाषण केलं. पहिल्या रांगेत मामा, आणि मामांच्या शेजारी हातात मंजूर प्रत घेतलेला तपासनीस. तो कुणाचं वाईट करायला आला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या कामाला काही अर्थ आहे असं त्याला वाटत होतं, आणि ते त्याला मामांनीच मिळवून दिलं होतं.

पहिलं गाणं सुरू झालं. शब्द संपले, मधला भाग आला. भाचीने लिहून दिलेलं गायलं. स्वच्छ, सुरात, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तपासनिसाचं बोट ओळीवरून सरकत गेलं आणि ओळीच्या शेवटी बरोबर थांबलं. त्याने समाधानाने मामांकडे पाहिलं. थोरल्यांनी वाजवता वाजवता एकदा मान वर केली होती, तेवढंच.

दुसऱ्या गाण्यात मधला भाग आला तेव्हा त्यांचा डावा हात थांबला. मग उजवा. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते बसून राहिले. रागावलेले दिसत नव्हते. दार वाजवून कुणी उघडत नाही तेव्हा माणूस थांबतो तसे थांबले होते. भाची एकटीच गात राहिली, 'डू-बा-डी-वा', लिहिल्याबरहुकूम. टाळ्या पडल्या त्या शेजाऱ्यांच्या. लांबून आलेली माणसं एकमेकांकडे बघत होती. मागे तिच्या वडिलांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता, हे मामांनी पाहिलं. पोरीची फजिती बघवत नाही, कधी एकदा हिला घरी नेतो, असंच ते तोंड होतं.

तिसरं गाणं सुरू झालं आणि मामांच्या एक गोष्ट लक्षात आली. शब्द संपत आले की भाची पियानोकडे बघत नव्हती. ती मामांकडे बघत होती. परवानगीच्या खिडकीपुढे उभं राहून माणूस आत बघतो ना, तसं. मामा आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसले होते, ही नजर त्यांनी हजारदा पाहिली होती, आणि एकदाही त्यांच्या काळजाला काही झालं नव्हतं. आज झालं.

मामा उभे राहिले. गाणं थांबलं. अध्यक्षांना वाटलं आभार मानायची वेळ झाली, म्हणून तेही अर्धवट उठले आणि बसले. चारचौघांत ते कधी कागद हातात नसताना बोलले नव्हते.

"माझ्याकडे बघू नकोस, बाळ," ते म्हणाले. "तिकडे बघ, आणि तुला येईल ते गा. माझ्या सहीचं मी बघतो."

तपासनिसाने हळूच त्यांची बाही धरली. साहेब, हे कलमाच्या विरुद्ध जाईल, असं तो अगदी कळवळून पुटपुटला. मामा म्हणाले, "ठाऊक आहे मला. तुम्हाला ते मीच दाखवलंय." आणि खाली बसले.

भाची वळली, पाठ जवळजवळ लोकांकडे करून. थोरल्यांनी एकच सूर वाजवला आणि वाट पाहिली. ती गायली, पण सुरुवातीला आवाज कापत होता, पहिल्याच वळणावर चुकल्यासारखी अडखळली. थोरल्यांनी तेच अडखळणं उचललं आणि पियानोवर वाजवून तिला परत दिलं. ती चमकली, हसली, आणि मग सुटलीच. पुढे काय झालं ते मामांना सांगता येणार नाही. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. फक्त एवढं कळत होतं की पोरगी काहीतरी विचारतेय आणि तो म्हातारा तिला उत्तर देतोय, आणि उत्तर ऐकून ती आणखी पुढचं विचारतेय. घरात इतकी वर्षं ही मुलगी वावरली, जेवली, हसली, पण ही गाणारी दुसरी मुलगी तिच्या आत होती हे मामांना माहीत नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा पुसायचं सोंग केलं नाही.

तपासनिसाचं बोट आधी ओळीवर घुटमळलं. मग त्याने पान उलटून पाहिलं, पुन्हा मागे आला. शेवटी त्याने कागद गुडघ्यावर ठेवले आणि सरळ माणूस असल्यामुळे समासात 'वेगळे' असं लिहिलं. पुढच्या गाण्यात पुन्हा लिहिलं. शेवटच्या गाण्यात लिहायचं राहिलं, कारण तो ऐकत होता.

कार्यक्रम संपल्यावर थोरले कुणाशी फारसं बोलले नाहीत. कोट घालता घालता भाचीला म्हणाले, सोमवारी सकाळी ये, नवीन काम काढतोय. मग तिच्या वडिलांपुढे थांबले आणि म्हणाले, "तुमची आहे का ही? मग मला काही दिवस द्या." वडिलांनी मान हलवली. मग त्यांनी मामांचा हात धरला आणि किती तरी वेळ सोडलाच नाही.

अधीक्षकाची जागा दुसऱ्याला मिळाली, हे इथेच सांगून टाकतो. मामांच्या हाताखाली काम शिकलेल्या माणसाला मिळाली. हमी मोडल्याबद्दल खात्याकडून मामांना खुलासा विचारला गेला, आणि सोबत हुकूम, की त्या संध्याकाळी प्रत्यक्षात जे गायलं गेलं त्याचा पूर्ण मजकूर सादर करावा. वकील म्हणाले, साफ नाकबूल करा, पुरावा काय आहे? हेडमास्तर म्हणाले, नवा मजकूर आपण बसून तयार करू, मी तपासून देतो. तपासनीस स्वतः घरी आला, खुर्चीच्या कडेवर बसला, आणि खाली बघत म्हणाला, माझी जागा खांबाच्या मागे होती, मला नीट ऐकू आलं नाही, असं मी लिहून देऊ का? मामांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, तुम्ही खोटं लिहू नका, तुम्हाला अजून पुष्कळ नोकरी करायची आहे.

मग त्यांनी भाचीला विचारलं, तू त्या दिवशी नक्की काय गायलीस? ती थोरल्यांकडे जायच्या घाईत होती. दारात थांबून तिने खरोखर आठवून पाहिलं. "नाही आठवत, मामा," ती म्हणाली. "तेव्हा आलं, आणि गेलं."

ती गेल्यावर मामा कागद घेऊन टेबलाशी बसले. नेहमी ते आधी कच्चं लिहीत, मग पक्कं. या वेळी एकदम पक्कंच लिहायला घेतलं. मामी भाजी निवडत समोर बसल्या होत्या. लिहून झालं तसा त्यांनी कागद ओढून घेतला आणि वाचला. 'त्या संध्याकाळी लिहून दिल्यापेक्षा वेगळे गायले गेले, हे खरे आहे. माझ्या सांगण्यावरून गायले गेले. मी ते शेवटपर्यंत ऐकले. लिहून घेतले नाही.'

मामींनी विचारलं, "एवढंच?"

"एवढंच," मामा म्हणाले, आणि त्यांनी खाली सही केली.